पवनचक्कीची उलटी प्रदक्षिणा

माझ्या बापाशी भांडण म्हणजे वाऱ्याशी भांडण. दोघंही ऐकून घेत नाहीत, आणि दोघांनाही दार लावून घरात ठेवता येत नाही. मी शिवकन्या, लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. आठवड्यातून दोनदा नांदेडच्या शाखेतही जाते. मी जिना चढले की पोरं आपोआप सरळ बसतात. पण आमच्या अप्पांपुढं माझा धाक कवडीमोल.

"अप्पा, आता लातूरला चला," मी म्हणायचे.

"दिवा लागतो तवर न्हाई," ते म्हणायचे. "दिवा बंद पडला की येतो. शब्द हाय माझा."

हा दिवा कुठला ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई सुरुवातीलाच भरकटली.

आमचं गाव शिवणगा, औशाच्या पुढं. जुनं गाव उंच पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या गावठाणाच्या टेकाडावर होतं. गावात अप्पांचं, म्हणजे माणिकप्पांचं, सायकलचं दुकान. पंक्चर काढायचे, तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. आमची अव्वा, म्हणजे आई, केवळाबाई, दुकानामागच्या घरात. त्या काळात लातूरच्या क्लासेसचा नुकता बोलबाला व्हायला लागला होता. लांबलांबची माणसं पत्र्याच्या ट्रंका घेऊन पोरांना तिथं सोडून जात होती. अव्वानं हट्ट धरला की माझी पोरगी पण जाणार. मी रडले, जेवण सोडलं, काही उपयोग झाला नाही. गावच्या थांब्यावर, लिंबाखाली, तिनं मला लातूरच्या एसटीत चढवलं आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून उभी राहिली. मी खिडकीतून 'येते' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण पाठीला काय म्हणायचं? ते तसंच राहिलं.

पुढच्याच भाद्रपदात भूकंप झाला. त्या पहाटे मी होस्टेलच्या अंगणात बाकीच्या पोरींबरोबर थरथरत उभी होते. अप्पा रानात जागलीला होते. अव्वा घरात होती. त्याबद्दल मी एवढंच सांगते.

आमच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात आणि मातीत ठेवतात. त्या दिवशी कुणालाच तसं ठेवता आलं नाही. वरून पाऊस, खाली दगडांचा ढीग, आणि हात किती, माणसं किती. सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. म्हणून अव्वाची समाधी नाही. नवं गाव पूर्वेला माळावर वसलं, ओळीनं एकसारखी घरं मिळाली, आणि अप्पा तिथं राहायला गेले. पण पांढरीवर आमच्या घराचा उंबरा जागेवरच होता. अप्पांनी तिथं एक वासा रोवला. दुकानातल्या एका सायकलचं चाक त्याच्यावर उभं बसवलं, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला पाती लावली, मागं पत्र्याचं शेपूट, म्हणजे वारा येईल तिकडं चाकाचं तोंड वळेल. चाकाला सायकलचाच डायनॅमो, आणि पुढं सायकलचाच दिवा.

वारा आला की चाक फिरायचं, चाक फिरलं की दिवा लागायचा. अप्पा रोज पहाटे काठी टेकत पांढरीवर जायचे आणि उंबऱ्यावर बसायचे. डायनॅमोची घरघर ऐकायची, उजाडलं की उठायचं.

"काय म्हणते?" मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"तुझंच इचारती," ते म्हणाले. "पोरगी जेवली का म्हणती."

असल्या माणसाशी काय वाद घालणार?

मग पवनचक्की आली. पांढरीच्या पश्चिमेला, खालच्या रानात, एकटीच, पांढरीफेक. मान मोडेपर्यंत वर बघावं तेव्हा तिचं डोकं दिसायचं. तिची पाती फिरायला लागली तशी गावाची झोप उडाली. मलप्पा आमच्या गावचे जुने सरपंच. त्यांनी पारावर जाहीर केलं, "ही चक्की उलटी फिरायली. डावीकडून! आपल्या मेलेल्या माणसांवर उलटी प्रदक्षिणा घालायली. सुलटी करा, न्हाईतर बंद करा."

बघायला गेलं तर खरंच होतं. गावातून बघितलं की पाती घड्याळाच्या उलट फिरताना दिसायची. देवाला प्रदक्षिणा उजवी, आणि डावी ती स्मशानात, हे कुणाला सांगावं लागत नाही.

चक्कीचा इंजिनिअर यज्ञेश. नांदेडचा, आईबाप दोघंही शिक्षक, आणि नशीब बघा, माझाच विद्यार्थी. वर्गात सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला. गावानं बोलावलेल्या बैठकीत मला बघून तो उभाच राहिला.

"मॅडम, तुम्ही इथल्या?"

"इथलीच. बस. आणि मलप्पांना उत्तर दे."

बिचाऱ्यानं सगळ्यांना चालवत चक्कीच्या पलीकडं नेलं. चिखलातून धोतरं सावरत गाव निघालं. पश्चिमेला उभं राहून वर बघितलं, तर तीच पाती उजवीकडून फिरत होती, अगदी शास्त्राप्रमाणं.

"बघा," यज्ञेश म्हणाला. "ती वाऱ्याकडं तोंड करून उभी असते. तोंडाकडून बघितलं तर सुलटी, पाठीकडून बघितलं तर उलटी. हिवाळ्यात वारा पूर्वेचा झाला की ती गावाकडं तोंड करेल, मग तुम्हालाही सुलटी दिसेल."

मलप्पांनी पागोटं सारखं केलं. "ते खरं हाय. पण आमी ऱ्हातो पाठीकडं. पावसाळाभर आमी काय हितं चिखलात येऊन बघावं का?"

माणसं हसली. मलाही हसू आलं, पण मी फिजिक्सची बाई, मला बोलल्याशिवाय राहवेना. "मलप्पा, आपल्या महादेवाला आपण काय करतो? गोमुखापर्यंत जातो आणि उलटं वळून माघारी येतो. ती अर्धी प्रदक्षिणा उलटीच की!"

"ते देवाचं हाय," मलप्पा म्हणाले. "हे कंपनीचं हाय."

यज्ञेश म्हणाला, पात्यांचा आकारच असा असतो की ती एकाच बाजूनं फिरतात, उलटवता येत नाहीत. बैठक मोडली.

माणसं पांगल्यावर अप्पांनी मला बाजूला घेतलं. "शिवा, दिवा लागंना."

"चाक अडकलं असेल."

"न्हाई. दुपारी भिंगरीवानी फिरतंय. पहाटं निस्तं थरथरतंय, हलत न्हाई. चक्की आल्यापासून असंच." मग खाली बघून म्हणाले, "तिची येळ पहाटंचीच. रुसली ती."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. दिवा बंद, शब्द पक्का. मी दुसऱ्याच रविवारी गाडी घेऊन गेले, त्यांच्या दोन पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या आणि त्यांना लातूरला आणलं. ते मुकाट्यानं आले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या गॅलरीतून क्लासची रांगच दिसते. प्रत्येक भिंतीवर गुण मिळवलेल्या पोरापोरींचे हसरे फोटो, खाली पाठीवर दप्तर घेऊन पळणारी, झोप न झालेली तीच पोरं. अप्पा खुर्ची टाकून बघत बसायचे. खाणं पाखरासारखं झालं. पहाटे मला जाग यायची तेव्हा ते गॅलरीत उभे असायचे, हात गजाबाहेर काढून, तळवा पसरून.

"काय करायलात अप्पा?"

"हितं वारा कुण्या अंगानं येतो, ते बघायलाव."

"सिमेंटच्या गावात कसला वारा? आत या, सर्दी होईल."

ते आत यायचे, दुसऱ्या पहाटे पुन्हा तिथंच. एकदा चहा घेता घेता त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, आपल्याच मुलीला विचारायला लाज वाटावी तसं, "शिवा, मी तिला कधी काई वाईट बोललो आसन का गं? तुला आठवतंय का?"

इतकी वर्षं मी या माणसाला गावातून उचलून आणायला टपले होते, आणि आणलं ते काय? बायको आपल्यावर रुसली असं मानणारा एक म्हातारा. माझा मलाच संताप आला. त्या क्षणी मी ठरवलं की तो दिवा लागला पाहिजे. अप्पा लातूरला राहोत की गावाला, दिवा लागला पाहिजे.

पण तो पहाटेच का बंद पडतो, हे मला कळत नव्हतं. चक्कीच्या मागं अडोसा होतो, वाऱ्याला भोक पडतं, हे कुणीही सांगेल. मग तो अडोसा दुपारी कुठं जातो? चक्की तर दुपारीही फिरते.

नांदेडला जाताना लोह्याच्या अलीकडं एसटीत मला नेहमी डुलकी लागते. त्या दिवशी ढग खाली आले होते, काचेवर पाणी ओघळत होतं, आणि बाहेर शेतं की आभाळ ते कळत नव्हतं. डोळे मिटले आणि अव्वा दिसली. आमच्या जुन्या घरात, भिंतीशी, गोधड्यांची चवड रचत होती. एकीवर एक, एकीवर एक. पण प्रत्येक वरची गोधडी ती थोडीशी उजवीकडं सरकवून ठेवायची. चवड वर जाता जाता तिरपी होत गेली, छपरातून बाहेर गेली, आभाळात गेली, तरी अव्वा रचतच होती. मी म्हटलं, अव्वा, पडेल की. ती माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "कशानं पडल? थंडीत कोन हलवतंय तिला? दिस वर आला की आपसूक मोडती."

खड्ड्यातून गाडी उडाली आणि मी जागी झाले. शेजारची बाई माझ्याकडं बघत होती, कारण मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हटलं होतं.

नांदेडला उतरल्या उतरल्या यज्ञेशला फोन केला. तो सुट्टीवर घरीच होता. क्लास सुटल्यावर त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं पोहे केले, आणि मी पोह्यांच्या बशीवरच त्याची परीक्षा घेतली.

"यज्ञेश, तुझी चक्की माझ्या आईचा दिवा विझवते. पण फक्त पहाटे. कारण सांग."

त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग खुलला. वर्गात कधी एवढा खुलला नव्हता.

"मॅडम, दिवसा जमीन तापते, खालची हवा वर उकळत येते. चक्कीमागचा दमलेला वारा त्या उकळीत लगेच मिसळून जातो. रात्री जमीन थंड, मग हवा थरावर थर टाकून पडते. कुणी कुणात मिसळत नाही. मग तो दमलेला पट्टा लांबवर तसाच जातो. सूर्य उगवेपर्यंत."

"गोधड्या," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. आणि वरचा थर उजवीकडं सरकतो का?"

तो चाटच पडला. "हो! पृथ्वी फिरते म्हणून. खालचा वारा पश्चिमेचा असला, तर वरचा जरासा वायव्येकडून येतो. त्यामुळं तो पट्टा तिरपा होतो. वरचं टोक दक्षिणेला ओढलं जातं, खालचं उत्तरेला." मग त्यानं आवाज खाली केला, आई ऐकत असल्यासारखा. "आणि मॅडम, मलप्पांना सांगू नका, पण त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं."

"म्हणजे?"

"पाती ज्या बाजूनं फिरतात त्याच्या उलट पीळ मागच्या वाऱ्याला पडतो. आपल्या चक्कीचा पीळ आणि थरांचं सरकणं, दोन्ही एकमेकांविरुद्ध. नवराबायकोनं चादर पिळताना दोघांनी उलटसुलट हात फिरवले तर पीळ बसतच नाही, तसं काहीतरी. चक्की दुसऱ्या बाजूनं फिरली असती, तर दोन्ही पीळ एकाच बाजूचे झाले असते, आणि पहाटे मागच्याला जास्त वारा मिळाला असता. विषुववृत्ताच्या खाली याच्या बरोबर उलटं."

"म्हणजे गावातून सुलटी दिसली असती, तर अव्वाचा दिवा लागला असता?"

"लागला असता असं शपथेवर नाही सांगणार. पण आशा जास्त होती."

"मग सगळ्या चक्क्या याच बाजूनं का फिरवतात रे?"

"रीत पडली, मॅडम. कुणीतरी सुरू केलं, सगळ्यांनी तेच धरलं."

मी पोहे संपवले. रीत म्हटल्यावर मला कुणावर रागावता येईना, मलप्पांवरही नाही आणि कंपनीवरही नाही. यज्ञेश म्हणाला, भूकंपाच्या स्मरणदिनाला एक पहाट चक्की थांबवायची परवानगी तो काढू शकेल. मी रात्री लातूरला परतल्यावर अप्पांना सांगितलं.

"एका दिसाचं काय करू?" ते म्हणाले. "दुसऱ्या पहाटं पुन्यांदा रुसल की."

"मग चाक हलवू या, अप्पा. चक्कीचा अडोसा खालून उत्तरेला सरकतो, म्हणजे वारा दक्षिणेच्या अंगाला असणार. तिथं लावू."

"उंबरा सोडून?" ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी अव्वालाच घराबाहेर काढायला सांगत होते. "ती घरात गेली. दिवा घराला पाहिजे. दुसऱ्याच्या दारात लावू व्हय?"

"निदान बघायला तर चला."

स्मरणदिनाच्या पहाटे मी त्यांना घेऊन पांढरीवर गेले. यज्ञेश आधीच येऊन थांबला होता; चक्की चालूच राहू दे, असं मी त्याला सांगितलं होतं. मी क्लासमधून चाचणी परीक्षांच्या रद्दी उत्तरपत्रिका आणल्या होत्या, गोल काळे केलेल्या, त्यांच्या लांब पट्ट्या कापल्या होत्या. तुराट्यांच्या टोकाला एकेक पट्टी बांधली. विचार असा की जिथं पट्टी लोंबेल तिथं चक्कीचा अडोसा, जिथं फडफडेल तिथं वारा.

पावसानं नुकतीच उघडीप दिली होती. पांढरीवर गवत कमरेइतकं, आणि गवतावर धुकं. गाव असं उरलंच नव्हतं, पण धुक्यात ते उभं राहिल्यासारखं वाटत होतं. अप्पा पुढं, मी तुराट्यांचा भारा घेऊन मागं. आणि काय सांगू, तो माणूस गवतातून चालत नव्हताच. तो गल्लीतून चालत होता. जिथं बोळ अरुंद होता तिथं त्यांनी खांदा आत घेतला. जिथं कधीकाळी पायरी होती तिथं पाय उचलला. मीही उचलला.

"ही तुराटी हितं लाव," ते म्हणाले. "आपलं दार."

उंबऱ्यापाशी पट्टी लोंबत राहिली, पोरानं मान खाली घालावी तशी. चाक वर गप्प होतं. खालच्या रानात चक्कीची पाती धुकं कापत होती, आणि मागं धुक्याचा एक लांब, तिरका, सावकाश वळत जाणारा लोळ आमच्याकडं येत होता. त्याचा वरचा भाग एकीकडं कलला होता, खालचा दुसरीकडं. मी आयुष्यभर फळ्यावर वारा बाणांनी काढला. अंग असलेला वारा मी पहिल्यांदाच पाहिला. भीती नाही वाटली. झोपेत कुणीतरी आपल्यावरचं पांघरूण सारखं करतं, तेव्हा आपण डोळे उघडत नाही, तसं काहीतरी झालं.

"दगडोबा कुंभाराचं घर," अप्पा म्हणाले. पट्टी लोंबली. "मठ." लोंबली. "हितं आड व्हता, जपून." लोंबली. आम्ही दक्षिणेला सरकत होतो. "पिठाची गिरणी." तिथं पट्टीचं टोक जरा हललं. यज्ञेश काही बोलणार होता, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, तेवढी सत्ता अजून आहे माझी.

पांढरी उतरायला लागते तिथं शेवटची तुराटी रोवली, आणि माझा हात सुटायच्या आतच पट्टी फडफडायला लागली. वारा थेट तोंडावर आला, गार, ओल्या गवताचा वास घेऊन. अप्पा थांबले. समोर एक जुना लिंब होता. खालून रस्ता जात होता, डांबर कधीचंच उखडलेलं.

मला जागा ओळखायला एक क्षण लागला. एसटीचा थांबा.

अप्पा लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "हितंच उभी ऱ्हायची ती."

"मला सोडायला आली होती तेव्हा. माहीत आहे मला." माझा आवाज नको तेवढा कडक निघाला. "पाठ करून उभी होती."

"त्या दिशी रडाली व्हती. पोरीनं बघिटलं तर गाडीतून उतरल म्हणून पाठ केली." अप्पा माझ्याकडं न बघता बोलत होते. "त्या दिवसाचं न्हाई म्हणत मी. रोजचं म्हणायलाव. लातूरची गाडी यायची येळ झाली की हातातलं काम टाकून हितं. कंडक्टरला इचारायची, आमची शिवी दिसली का हो? त्यो म्हणायचा, मावशी, लातूर लई मोठं हाय. तरी दुसऱ्या दिशी हाय उभी. मी वरडायचो, गिऱ्हाइकं दारात अन् तू कुठं? ती म्हणायची, घरात जीव लागत न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या पाठीला धरून बसले होते, आणि कुणी मला सांगितलंच नाही. मी भर थांब्यावर, माझ्याच विद्यार्थ्यासमोर, लहान पोरीसारखी रडले. यज्ञेश शहाणा, त्यानं लगेच वासा उपटून आणायचं काम काढलं.

"घरात जीव लागत नव्हता तिचा," अप्पा पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशीच. "अन् मी उंबऱ्यावर दिवा लावून बसलो."

"मग इथं लावू?"

त्यांनी मान हलवली. यज्ञेशनं आणि मी वासा लिंबाशेजारी रोवला, बुडाशी दगड ठोकले. अप्पांनी चाक स्वतः बसवलं. पाना एकदाही घसरला नाही. शेपूट वळलं, चाकाचं तोंड पश्चिमेला झालं. एक क्षण काहीच नाही. मग पाती हलली, चाकानं वेग घेतला, डायनॅमोनं घरघर सुरू केली आणि काचेमागं एक लालसर ठिपका आला. तो पिवळा झाला, आणि मग धुक्यात चांगला हातभर उजेड पडला.

"अव्वा!" अप्पा म्हणाले. बायकोला ते माझ्यासारखंच अव्वा म्हणायचे. "हितं येऊन बसलीस व्हय? अन् मी येड्यावानी घरात शोधायलाव."

मला सांगता आलं असतं की अप्पा, हे थरांचं सरकणं आहे, वायव्येचा वारा आहे, पिळाचा प्रश्न आहे. सगळं खरं होतं, आणि मी ते एरवी तासभर शिकवते. मी वाशाच्या बुडाशी आणखी एक दगड ठोकला.

उजाडलं, धुकं विरलं. नव्या गावाकडून माणसं स्मारकाकडं जाताना दिसायला लागली, मलप्पा सगळ्यांच्या पुढं. अप्पांनी त्यांना हात केला, मग काठी उचलली आणि माझ्या गाडीकडं चालायला लागले.

"कुठं?" मी विचारलं.

"लातूरला."

"अहो, दिवा लागला ना? तुमचा शब्द तर उलटा होता."

"विझलेला सोडून आलतो, तर जीव हितंच राहिला," ते म्हणाले. "आता लागलाय. आता येता येतंय. म्हैन्यातून एकदा आणून सोड, तेल घालायला."

मी बापाशी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

तो जुना रस्ता पश्चिमेला जातो आणि मग लातूरच्या डांबरी रस्त्याला मिळतो. मी गाडी सावकाश काढली, खड्डे फार. वळणापाशी अप्पांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांब. मागं बघ."

मी काच खाली केली आणि मागं बघितलं. लिंबाखाली चाक फिरत होतं. वारा पश्चिमेचा, म्हणून चाकाचं तोंड पश्चिमेला. म्हणजे गाडी जाते त्या बाजूला. दिवा सरळ आमच्याकडं बघत होता.

"पाठ न्हाई केली तिनं," अप्पा म्हणाले.

मी मान खिडकीबाहेर काढली. "येते गं, अव्वा," मी म्हटलं, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.